माणसं जोखायचा परवाना

कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तांदळाचं एक पॅकिंग युनिट आहे. तिथे मी सुपरवायझर आहे. गिरण्यांतून आलेला तांदूळ आम्ही साफ करतो, निवडतो, तीस-तीस किलोच्या गोण्या भरतो आणि टेंपोत चढवतो. टेबलावर सात बायका, गोण्या उचलायला दोन पुरुष, आठवड्यातून दोनदा पनवेलहून येणारे साहेब आणि मी. मला शिस्त लागते. भिसेगावात आमच्या घरी नवरा म्हणतो, हिला देवळात नेलं तर ही आधी बाहेरच्या चपला ओळीत लावून घेईल. त्यात फारसं खोटं नाही.

आमच्याकडे नियम असा की रोज सकाळी पहिली गोणी भरायच्या आधी काटा तपासायचा. त्यासाठी वीस-वीस किलोची शिक्का मारलेली दोन वजनं होती. ती काट्यावर ठेवायची, आकडा चाळीस आला की वहीत लिहायचं आणि सही करायची. दोन वर्षांपूर्वी ही वजनं पडताळणीला म्हणून हेड ऑफिसनं नेली ती गेलीच. मी फोन करायची, तिकडून "येतील, येतील" असं उत्तर यायचं. वहीतला रकाना रिकामा ठेवणं माझ्याच्यानं होत नाही आणि न तपासता 'बरोबर' लिहिणं तर मुळीच होत नाही.

मग मी शक्कल लढवली. वजनं नाहीत तर माणसं आहेत. ज्या बाईचं वजन हलत नाही तिला रोज काट्यावर उभी करायची. तिचा आकडा कालचाच आला, म्हणजे काटा ठीक. पण हलत नाही अशी बाई कुठली ते ठरवायला हवं, म्हणून मी एक आठवडा सातही जणींना रोज सकाळी उभं केलं. चपला काढायच्या, मोबाईल बाजूला ठेवायचा, चहा नंतर प्यायचा. काय हसल्या बाया त्या आठवड्यात! एकीचा सोमवारचा उपास मंगळवारी दिसला. एक जण भाचीच्या हळदीला जाऊन आली आणि दोन दिवसांत दीड किलोनं भरली. "मटनाचा टोप एकटीनं संपवलास का गं?" म्हणून तिला दिवसभर कुणी सोडलं नाही.

एकच बाई सोमवारी अठ्ठावन्न किलो सहाशे होती आणि शनिवारीही अठ्ठावन्न किलो सहाशेच. ती आमचं माप झाली.

ती कळंबची. वय चौतिशीचं, घरची भातशेती, नवरा तिथल्याच एका रिसॉर्टवर बागकाम करतो. सकाळी सहा आसनी टमटमनं कर्जतला यायची आणि तिथून आमच्या कंपनीच्या व्हॅननं पुढे. बायकांत एवढं लांबून येणारी ती एकटीच, पण उशीर एक दिवस नाही. त्यांच्या घरातून कामाला बाहेर पडलेली ती दुसरी सून. थोरली जाऊ आधी एका कंपनीत जायची. ती आजारी पडली, कुणाला न सांगता तशीच काम करत राहिली आणि शेवटी ऑपरेशनवर गेलं. तेव्हापासून सासूबाईंनी घरात एक नियम घातला होता: तब्येत बिघडली का दुसऱ्या दिवसापासून काम बंद. हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की हे काम तिला काही झालं तरी सोडायचं नाही. "पगार तर हायेच, मॅडम," ती म्हणाली, "पन हितं मला कोनी सूनबाई म्हनत नाय. माझ्या नावानं हाक मारतात. दिवसभर."

काट्यावर ती फोटोला उभं राहावं तशी उभी राहायची. मी आकडा मोठ्यानं वाचायची, वहीत लिहायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की आमचा काटा हिच्यावर चालतो. साहेबांनाही सांगितलं होतं. ते नुसते हसले. बाकीच्या बायकांना चटक लागली म्हणून सोमवारी सगळ्यांचीच वजनं व्हायला लागली. मी मात्र कधी काट्यावर चढले नाही. सुपरवायझरनं अंतर ठेवायचं असतं, असं मी म्हणायची. खरं कारण माझं वजन होतं, हे सगळ्यांना दिसतच होतं.

अंतर ठेवायचं ते माझ्यापुरतं. त्यांचं वजन मी रोज मोठ्यानं वाचत होते, त्याचं मला काही वाटलं नाही.

दीड वर्ष असं सुरळीत चाललं. गेल्या थंडीत एका सकाळी आकडा अठ्ठावन्न दोनशे आला. मी तिला उतरवून पुन्हा चढवलं. अठ्ठावन्न दोनशे. थंडीनं काटा आखडला असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात सत्तावन्न नऊशे. मग सत्तावन्न सहाशेवर येऊन थांबला तो थांबलाच. मी काट्याखालचा कचरा काढला, पाय समपातळीत आहेत का पाहिलं, प्लग बदलून बघितला. एवढं सगळं केलं, पण समोर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडे एकदा नीट पाहावं, हे काही सुचलं नाही.

त्याच दिवसांत एकदा बाकीच्या आत गेल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "मॅडम, आता दुसरीला कुनाला तरी उभी करा ना. मला नको आता."

"का गं? भाव खातेस काय?" मी म्हटलं. "तुझ्याशिवाय काट्याचा भरवसा कुणी द्यायचा?"

ती हसल्यासारखं करून गेली. मला वाटलं, लाजली. मी तिला बढती दिल्याच्या आनंदात होते.

मग मी हिशेब मांडला. हिच्या अठ्ठावन्नावर काटा एक किलो कमी दाखवतो, म्हणजे तिसावर अर्धा किलो कमी दाखवणार. काट्यावर चिठ्ठी चिकटवली: 'आकडा साडेएकोणतीस आला की गोणी भरली समजावी.' खाली सही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी तीन आठवडे हाकत होते.

तीन आठवड्यांनी दुकानदारांच्या तक्रारी आल्या. गोणीत अर्धा किलो तांदूळ कमी. कमी-जास्त नाही, प्रत्येक गोणीत अगदी अर्धा किलो. साहेब दुसऱ्याच दिवशी दुपारी आले आणि सोबत काटेवाले चाचा. चाचा खालापूरचे, त्यांचे पणजोबा कधीतरी किनाऱ्याकडून इकडे आले. तालुक्यातल्या बहुतेक दुकानांचे काटे तेच दुरुस्त करतात आणि त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी आपली शिक्क्याची वजनं काट्यावर एकेक करून ठेवली. वीस. चाळीस. साठ. मग कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. कुठे पन्नास ग्रॅमचाही फरक नाही.

"काट्याला कायबी नाय झालेलं," चाचा म्हणाले.

साहेबांनी चिठ्ठी उपटून माझ्यासमोर धरली. "मॅडम, हे कशाच्या आधारावर?"

तिथे गोण्या उचलणारे दोघे होते, टेंपोचा ड्रायव्हर होता, आणि टेबलावरच्या सातही जणी हात थांबवून बघत होत्या. माझ्या अंगाची लाही झाली. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, आणि आज चारचौघांत हा पोरगेला साहेब मला विचारतो, कशाच्या आधारावर! मी वही आणली, उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागले. "हे बघा. दीड वर्ष अठ्ठावन्न सहाशे. मग अठ्ठावन्न दोनशे. मग सत्तावन्न नऊशे, सत्तावन्न सहाशे. काटा बरोबर असेल तर मग हिचंच वजन उतरलंय! त्याला मी काय करू? उतरलं तर हिनं सांगायला नको?"

माझं बोट वहीवरून निघून तिच्याकडे गेलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं.

मग गोणीवाल्यांतला एक, जो तिच्या शेजारच्या वाडीचा, हसून म्हणाला, "डायटिंग करतीस का गं वहिनी?" साहेबांनी तिला हाक मारली. "या, एकदा उभ्या राहा. आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

ती टेबलापासून उठली. चेहरा पार उतरलेला. चपला काढू लागली. तेवढ्यात चाचांनी वाकून काट्याचा प्लग काढला आणि वायर गुंडाळायला घेतली.

"अहो, थांबा, एक वजन घ्यायचंय," साहेब म्हणाले.

"माझ्याकडं काटे दुरुस्तीचा परवाना हाय साहेब," चाचा वायर गुंडाळत म्हणाले. "मानसं जोखायचा नाय."

ते चिडून बोलले नाहीत. साहेबांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. ती चपला घालून परत टेबलाशी जाऊन बसली आणि तांदूळ निवडू लागली. जाताना चाचा माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, काट्यावर मानूस नसतो ठेवायचा. मानूस हलतो." मी मान डोलावली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लागत नव्हता. गोणीवाल्याला विचारलं तर तो कान पकडत म्हणाला, "मी फकस्त घरी गेल्यावर गंमत म्हनून सांगितलं, मॅडम. माज्या आईनं त्यांच्या म्हातारीला सांगितलं." त्याला चार शब्द सुनावावेत म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं जे घरी सांगितलं ते मी सगळ्यांसमोर सांगून बसले होते. तिचं दुखणं वेशीवर मी टांगलं होतं, त्यानं फक्त गावात नेलं.

हेड ऑफिसकडून मला एक कडक पत्र आलं. त्याच्याबरोबर वीस-वीस किलोची दोन नवी कोरी वजनंही आली. दीड वर्षात न आलेली वजनं चार दिवसांत आली.

रविवारी मी कळंबला गेले. शनिवार-रविवारची मुंबईच्या गाड्यांची रांग त्या रस्त्यावर असते. टमटम तिच्यातून वाट काढत गेली. घर सापडायला त्रास झाला नाही. अंगणात सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या, ती ओट्यावर दाराला टेकून. मी आले ते ऐकून तिचा नवरा बाहेर येऊन नमस्कार करून गेला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, म्हणून मी बसल्या बसल्याच म्हटलं, "चूक माझी झाली. ते सांगायला आले."

सासूबाई उठल्या आणि सरबत करायला आत गेल्या. तेवढ्या वेळात ती बोलली.

"मला तहान लागायची, मॅडम. रातचं चार-चार वेळा उठायचे पान्याला. माझ्या बापाला साखर होती, म्हनून मला कळलं होतं. पन दवाखान्यात गेले असते तर घरी कळलं असतं आनि घरी कळलं असतं तर काम गेलं असतं."

"मला तरी सांगायचंस."

"सांगायला आल्ते की." ती शांतपणे म्हणाली. "तुमी म्हनालात भाव खातेस."

मग तीच म्हणाली, "आनि तुमी लिवलंय तेवढंच नाय उतरलेलं. मी परकराला आतून दोन पिशव्या शिवल्या होत्या. घरच्या तांदळाच्या. उतरंल तसे वाढवत नेले, शेवटी एकेका बाजूला एक किलो. सकाळी काट्यावर चढायचे, मग बाथरूममधी काढून डब्याच्या पिशवीत ठेवायचे. तुमी सगळ्यांना सांगायच्या ना, काटा हिच्यावर चालतो म्हनून. मला ते खोटं नव्हतं पाडायचं. पन मागनं दोन किलोबी पुरंनात."

मला एकदम ती दुपार आठवली. चाचांनी प्लग काढला नसता, तर ती पिशव्यांशिवाय काट्यावर चढली असती. सकाळी सत्तावन्न सहाशे आणि दुपारी पंचावन्न सहाशे, सगळ्यांसमोर. मी तिथेच ओट्यावर रडले. मला रडायची सवय नाही, त्यामुळे ते काही बरं दिसलं नसावं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला त्याची आणखीच लाज वाटली.

साखरच निघाली होती. नवऱ्यानं दोन दिवसांपूर्वी कर्जतच्या दवाखान्यात नेलं होतं. गोळ्या चालू झाल्या होत्या, जेवणाचं सांगितलं होतं आणि काम करायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत होती ती सासूबाईंची. त्या सरबत घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. बाई वाईट नव्हती. एका सुनेचं ऑपरेशन बघितलेली बाई होती.

"तिला तुमच्याकडं यायचंय," त्या म्हणाल्या. "रात्रंदिस तेच चाललंय तिचं. पन ही पोरगी लपवते, बाई. थोरली बी अशीच लपवायची. मी कसा भरवसा धरू?" मग त्यांनीच तोड काढली. "तुमच्याकडं काटा हाय. दर शुक्रवारी हिला काट्यावर उभी करा आनि मला फोन करून वजन सांगा. उतरलं तर ती घरी. चालत असंल तर सोमवारपासनं घेऊन जावा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीवरचा हात काढून खाली बघत होती. हो म्हटलं तर पुन्हा तेच. फक्त आकडा आता सात बायकांऐवजी एका घरात वाचायचा. नाही म्हटलं तर ती सोमवारी येणार नव्हती. मी हो म्हटलं. टमटममध्ये बसल्यावर सगळा रस्ता मी स्वतःला सांगत होते की दुसरं काय म्हणणार होते.

सोमवारी ती आली. बायकांनी तिला मधे घेतलं, कुणी काही विचारलं नाही. मी नवी वजनं काट्यावर ठेवली, चाळीस आले, वहीत लिहिलं. मागच्या पानांवर तिच्या नावाचा रकाना होता. ती पानं फाडावीत असं फार वाटलं, पण नियमाची वही आहे, पानं फाडता येत नाहीत. तो आठवडा मला जेवण गोड लागलं नाही. मंगळवारी मनात म्हणायची, चांगल्यासाठीच तर करायचंय. बुधवारी म्हणायची, तिला रोज काट्यावर उभं करणंही चांगल्यासाठीच सुरू झालं होतं. ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलत होती, पण काट्यापासून लांबून चालत होती. बाजूने जागा असूनही टेबलाला वळसा घालून जायची.

शुक्रवारी मी तिला काट्यावर बोलावलं नाही. ती सकाळपासून वाट बघत होती. दुपारी डबा खाताना माझ्याकडे दोनदा बघितलं. चारच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"बाई, केलंत का वजन?" सासूबाईंचा आवाज.

ती समोरच्या टेबलावर होती. तिनं आवाज ओळखला. तांदळातला हात तसाच राहिला.

"नाही केलं," मी म्हटलं. "मी तुम्हाला हो म्हटलं ते चुकलं. मी तिचं वजन करणार नाही. गोळ्या घेते का, डबा खाते का, दम लागतो का, तेसुद्धा मी सांगणार नाही. ती माझ्याकडे कामाला आहे. काम चोख करते, तेवढं मला सांगता येईल. बाकीचं तिला विचारा."

मग त्या म्हणाल्या, "आनि ती खोटं बोलली म्हंजे?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि खरंच माहीत नव्हतं. या एका वाक्यावर तिचं काम जाऊ शकत होतं आणि ते वाक्य मी तिला न विचारता बोलून टाकलं होतं. मी टेबलापाशी गेले. तिच्यासमोर फोन धरला.

तिनं ॲप्रनला हात पुसले. फोन घेतला. माझ्याकडे बघितलं ते रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. मग फोन कानाला लावून उठली आणि माझ्या टेबलामागच्या लहान खोलीत गेली. दार लोटताना तिचा आवाज आला, "आत्या, मी बोलते. मला काय सांगायचंय ते आधी सगळं ऐका."

दार नीट लागलं नव्हतं. पुढचं ऐकू येत होतं. मी जाऊन ते ओढून घेतलं आणि बाहेर टेंपोपाशी जाऊन उभी राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं फोन आणून दिला, "बॅटरी संपत आलीये तुमची," एवढंच म्हणाली आणि कामाला बसली.

सोमवारी सकाळी कर्जतच्या नाक्यावर व्हॅन थांबली तेव्हा ती तिथे डबा घेऊन उभी होती. घरी काय बोलली, मी अजून विचारलेलं नाही.